कालच्या गोष्टींचा वर्ग

अमरावतीच्या एका मराठी शाळेत मालिनी देवस्थळे यांनी सोळा-सतरा वर्षं इंग्रजी शिकवलं. आधी नियम, मग वाक्य, असा त्यांचा क्रम होता. बाराही काळ फळ्यावर चौकटीत आखून दिल्याशिवाय त्या धड्याला हात लावत नसत. मुली घाबरून असत, पण दहावीचा इंग्रजीचा निकाल दरवर्षी चांगला लागे, त्यामुळे पद्धत बदलायचं काही कारणच नव्हतं.

२००१च्या उन्हाळ्यात त्यांचे यजमान गुरुनाथ यांना कंपनीने शिकागोच्या प्रोजेक्टवर पाठवलं आणि ही दोघं नेपरव्हिलला आमच्याच अपार्टमेंट कॉम्प्लेक्समध्ये राहायला आली. मुलगा पुण्याला इंजिनिअरिंगच्या होस्टेलवर. गुरुनाथ सकाळी गाडी घेऊन जायचे ते संध्याकाळी परत. मालिनीताईंचा व्हिसा नवऱ्याच्या व्हिसाला जोडलेला, म्हणजे इथे राहता येतं, नोकरी करता येत नाही. अमरावतीला त्यांच्या एका वर्गात साठ मुली असायच्या. इथे दुपारभर त्यांच्या कानावर हीटर चालू-बंद झाल्याचा आवाज पडायचा, दुसरं काही नाही. पहिल्या तीन-चार महिन्यांत त्यांनी घरातली सगळी कपाटं इतक्या वेळा लावली की गुरुनाथना चमचे सापडेनात.

मी खालच्या मजल्यावर राहत होते. पुढचं बरंचसं मी पाहिलेलं आहे, बाकीचं त्यांच्याकडून आणि इतरांकडून ऐकलेलं.

लायब्ररीच्या बोर्डावर मला एक कागद दिसला. गावातल्या एका चर्चच्या तळघरात मोठ्या माणसांना इंग्रजी शिकवायला कोणीतरी हवं होतं, बिनपगारी. मंगळवार-गुरुवार संध्याकाळ. मी मालिनीताईंना सांगितलं, आणि त्यांना गाडी येत नव्हती म्हणून पहिले काही महिने मीच सोडायला जात असे. डोरथी नावाच्या निवृत्त शिक्षिका तो वर्ग चालवत होत्या. त्यांनी मालिनीताईंचं बोलणं ऐकलं आणि तिथल्या तिथे होकार दिला. विद्यार्थ्यांचं तसं नव्हतं. व्हितोल्द नावाचा एक पोलिश माणूस होता, घरांची छपरं दुरुस्त करायचं काम करायचा. त्याने पहिल्याच संध्याकाळी डोरथीला बाजूला घेऊन विचारलं की अमेरिकन टीचर कधी येणार. मालिनीताई कॉफीच्या टेबलापाशी होत्या, त्यांनी ते ऐकलं.  घरी येताना गाडीत एवढंच म्हणाल्या, "त्याचंही बरोबर आहे. पंजाबी माणसाकडून मराठी शिकायला मीही बिचकले असते."

त्यांनी अमरावतीचा क्रम तसाच चालू ठेवला. फळ्यावर चौकट, चौकटीत काळ. पुस्तकातले संवाद पोस्ट ऑफिस कुठे आहे, हे पेन कोणाचं आहे, असे. समोर बसलेली माणसं दिवसभर राबून आलेली. पोस्ट ऑफिस कुठे आहे ते त्यांना माहीत होतं. ती जांभया देत, मान डोलवत आणि पुढच्या आठवड्याला येत नसत. मार्चपर्यंत खोलीत घडीच्या खुर्च्या जास्त आणि माणसं कमी, अशी स्थिती झाली.

त्याच मार्चमध्ये मालिनीताईंची ड्रायव्हिंग टेस्ट होती. परीक्षा घेणारा शेजारी बसला. सगळं नीट चाललं होतं. एका रस्त्यावर तो म्हणाला, "पुल ओव्हर." मालिनीताईंच्या अंगात नणंदेने विणलेला जांभळा पुलोव्हर होता. त्या संकोचून म्हणाल्या, "थँक यू, माझ्या नणंदेने केलाय." तो पुन्हा म्हणाला, जरा मोठ्याने, पुल ओव्हर. मालिनीताईंना वाटलं याला आपल्या स्वेटरची काही अडचण आहे, त्यात काही लपवलंय असं वाटतंय की काय. म्हणून त्यांनी गाडी चालवता चालवता एका हाताने तो काढायला सुरुवात केली. डोकं स्वेटरमध्ये अडकलेलं असताना गाडी पदपथावर चढली. गाडी कडेला घे, एवढंच त्या माणसाचं म्हणणं होतं.

टेस्टवरून त्या थेट वर्गावर आल्या. धडा काढलेला नव्हता, चेहरा उतरलेला. समोर चारच माणसं. त्यातल्या एलेनाने विचारलं, टीचर, बरं नाही का? एलेना मेक्सिकोची, एका हॉटेलात खोल्या साफ करायची. मालिनीताईंनी आधी काही नाही म्हणून टाळलं, आणि मग खुर्चीवर बसून, सोप्या इंग्रजीत, सावकाश, जे घडलं ते सांगितलं. स्वेटर काढायचा अभिनय करून दाखवला. व्हितोल्द इतका हसला की त्याला खोकला आला. मग तोच पुढे सरसावला. त्याचं आणि एका दुसऱ्या कामगाराचं छपरावर भांडण चाललेलं, खालून मुकादम ओरडला, "नॉक इट ऑफ." म्हणजे पुरे करा. व्हितोल्दच्या हातात हातोडी होती, त्याला वाटलं ठोकून पाड म्हणतोय. त्याने नुकतीच बसवलेली पन्हळ दोन घाव घालून खाली पाडली, मुकादमाच्या पायाशी.

हे सांगताना त्याची सगळी क्रियापदं वर्तमानकाळात होती. बॉस से, आय हिट, इट फॉल. मालिनीताई उठल्या आणि त्याचीच वाक्यं त्याच्याच शब्दांत फळ्यावर लिहिली. मग म्हणाल्या, हे काल झालं ना? मग बदला बघू. चौघांनी मिळून बदललं. सेड, हिट, फेल. हिट बदलत नाही म्हटल्यावर व्हितोल्दने कारण विचारलं आणि मालिनीताई म्हणाल्या की कारण मलाही माहीत नाही. अमरावतीत हे वाक्य त्यांच्या तोंडून कधी निघालं नसतं, असं त्यांनीच मला नंतर सांगितलं.

पुस्तक बाजूला पडलं ते कायमचं. दर वर्गाला एकाने कालची किंवा मागची एखादी गोष्ट सांगायची. मोठी घटना नको, आपल्या बाबतीत घडलेलं काहीही. मालिनीताई ती फळ्यावर लिहीत, सगळे मिळून दुरुस्त करत. मग दुसऱ्या कोणीतरी तीच गोष्ट 'ती'ची किंवा 'तो'ची करून सांगायची, म्हणजे ही, शी, हिज, हर यांचा घोटाळा सुटायचा. शब्द त्या गोष्टीतूनच यायचे. एलेनामुळे सगळ्यांना चादर, उशीचा अभ्रा, डाग, गळका नळ यांची इंग्रजी नावं कळली. व्हितोल्दमुळे शिडी, कौल, घसरणं, लटकणं. आणि मालिनीताईंनी एक गृहपाठ ठेवला: आज वर्गात ऐकलेली गोष्ट घरी किंवा कामावर कोणाला तरी इंग्रजीत सांगायची. खुर्च्या पुन्हा भरायला लागल्या. व्हितोल्दने आपल्या मेव्हण्याला आणलं.

दुसऱ्या वर्षी, २००३च्या फेब्रुवारीत, शुभाकाकू पानसे वर्गात आल्या. मूळच्या सांगलीच्या. यजमान गेल्यावर त्यांच्या एकुलत्या एका मुलाने, अतुलने, त्यांना कायमचं इकडे आणलं होतं. अतुल आणि त्याची बायको हिमानी दोघंही नोकरी करणारी, मुलगी केया सात वर्षांची. गावाच्या दक्षिणेला नवीन घरं झाली होती तिथे त्यांचं मोठं घर होतं. केयाला मराठी समजायचं, पण उत्तर यायचं ते इंग्रजीतच. काकू काही विचारायला गेल्या की ती अर्धं ऐकून पळायची. काकूंनी एक दिवस अचानक हिमानीला सांगितलं की मला इंग्रजीच्या वर्गाला घाल. हिमानीला वाटलं, नातीसाठी असेल. तिने चौकशी केली आणि ऑफिसातून येताना ती त्यांना सोडायला लागली.

काकू वर्गात बसायच्या त्या सीमाच्या शेजारी. सीमा जालन्याची, लग्न होऊन नुकतीच आलेली. लिहायला-वाचायला चांगलं येत होतं, पण तोंड उघडलं की अडायची. तिचा नवरा सुशांत अतुलच्याच ऑफिसात होता. काकू पहिले काही आठवडे नुसत्या ऐकत राहिल्या. मालिनीताईंनी त्यांना एकदाही उठवलं नाही.

मार्चच्या मध्यावर एका गुरुवारी मालिनीताईंनी विचारलं, आज कोण सांगणार, आणि काकूंनी हात वर केला. उभ्या राहिल्या, पदर सारखा केला.

"आय मेक पोहे," त्या म्हणाल्या.

पोहे म्हणजे काय ते सीमाने सगळ्यांना सांगितलं. मग काकू एकेक वाक्य करत पुढे गेल्या. घरात कोणी नव्हतं. कांदा करपला. धुराचा अलार्म रडला. तो कसा थांबवायचा ते त्यांना माहीत नव्हतं. आता फायर ब्रिगेड येणार, पोलीस येणार, मुलाला ऑफिसातून बोलावणार, असं वाटून त्या घराबाहेर धावल्या. पायात सपाता, अंगावर सुती साडी, बाहेर बर्फ. मागे दार लागलं आणि ते बाहेरून उघडेना. त्या पायरीवर उभ्या राहिल्या. किती वेळ ते त्यांना सांगता आलं नाही. पत्रं टाकायला आलेल्या पोस्टमनने त्यांना पाहिलं, स्वतःचं जॅकेट त्यांच्या अंगावर घातलं आणि शेजारच्या घराची बेल वाजवली. शेजारची म्हातारी बाई त्यांना आत घेऊन गेली, चहा दिला, पायांवर रजई घातली. बाई बोलत होती, काकू हसत होत्या. दोघी दुपारभर तशाच बसल्या. हिमानीची गाडी वळताना खिडकीतून दिसली तशा काकू उठून बाहेर आल्या आणि तिला म्हणाल्या की जरा शेजारी जाऊन आले.

"आय नॉट टेल माय सन," हे त्यांचं शेवटचं वाक्य होतं.

इंग्रजी शिकायचं त्यांनी त्या दिवशी ठरवलं होतं. शेजारच्या बाईला त्यांना थँक यूच्या पुढे काही म्हणता आलं नव्हतं, आणि ते एकच परत परत म्हणायची लाज वाटून त्यांनी त्या बाजूला बघणंच सोडलं होतं.

मालिनीताईंनी गोष्ट फळ्यावर लिहिली. अलार्म रडत नाही, वाजतो, असं कोणीतरी म्हणालं. एलेना म्हणाली, तिच्या हॉटेलातला अलार्म रडतोच. त्यावर बराच वाद झाला आणि मालिनीताईंनी 'अलार्म रडला' तसंच ठेवलं. मेक झालं मेड, स्टँड झालं स्टूड, नॉट टेल झालं डिड नॉट टेल. व्हितोल्दच्या मेव्हण्याने ती गोष्ट 'शी' लावून पुन्हा सांगितली. काकूंना सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. वर्ग सुटताना मालिनीताई सवयीने म्हणाल्या, गृहपाठ तोच.

सीमाने गृहपाठ केला. रात्रीच्या जेवणाला तिने सुशांतला अख्खी गोष्ट इंग्रजीत, न अडखळता सांगितली. तो खूश झाला. गोष्ट अतुलच्या आईची आहे हेही त्याला कळलं, पण अतुलला ती माहीत नसेल हे त्याच्या डोक्यात आलं नाही. काकूंचं शेवटचं वाक्य सीमाने सांगितलं होतं की सुशांतने ते नीट ऐकलं नव्हतं, यावर त्या दोघांचं पुढे बरेच दिवस एकमत होत नव्हतं.

एप्रिलच्या सुरुवातीला मराठी मंडळाचा पाडव्याचा कार्यक्रम एका शाळेच्या कॅफेटेरियात झाला. मीही होते. श्रीखंडाच्या रांगेत सुशांत अतुलला म्हणाला, "काय यार, काकूंना बर्फात बाहेर ठेवलंस म्हणे." अतुल हसला, त्याला वाटलं थट्टा आहे. मग सुशांतने पुढचं सांगितलं, सपाता, पोस्टमन, रडणारा अलार्म. आजूबाजूचे लोक हसले, कारण सुशांत गोष्ट छान रंगवून सांगायचा. अतुल हातात प्लेट घेऊन ऐकत राहिला. पलीकडच्या टेबलावर काकू बसल्या होत्या. त्यांना ऐकू आलं नसावं, पण मुलाचा चेहरा त्यांना दिसत होता. पानसे मंडळी वाढून घ्यायच्या आधीच निघून गेली.

गाडीत त्याने विचारलं, हे खरं आहे का. काकू हो म्हणाल्या. 

दुसऱ्या दिवशी अतुल मालिनीताईंच्या घरी आला. मी त्यांच्याकडे इस्त्री परत करायला गेले होते, ती हातातच राहिली. तो आवाज चढवून बोलला नाही.

"मालिनीताई, तुम्ही आईला आपुलकीने शिकवता, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही," तो म्हणाला. "पण तिच्यावर काय बेतलं ते मला श्रीखंडाच्या रांगेत कळलं. लोक हसत होते. ती बर्फात उभी होती आणि मी तिला त्याच संध्याकाळी, आज भाजीत मीठ जास्त झालंय, असं काहीतरी म्हणालो असेन."

मालिनीताई म्हणाल्या की त्याचं बरोबर आहे, गोष्ट बाहेर जायची वाट त्यांनीच करून ठेवली होती. गृहपाठाबद्दलही त्यांनी सांगितलं, सीमाचं नाव मध्ये आणलं नाही.

"आता ती येणार नाही," अतुल म्हणाला.

"हे काकूंनी सांगितलंय?"

"नाही. मी सांगतोय."

तो गेल्यावर मालिनीताई बराच वेळ चहाचे कप विसळत होत्या, जे आधीच स्वच्छ होते. गुरुनाथचं मत पडलं की पुन्हा पुस्तकावर जावं. पोस्ट ऑफिस कुठे आहे हे विचारल्याने कोणाच्या घरात भांडण होत नाही. ते थट्टेत म्हणाले, पण मालिनीताईंना ते पटण्यासारखं वाटलं. अमरावतीला मुली घरून कुठलं दुःख घेऊन वर्गात येतात ते त्यांना कधी कळलं नव्हतं, आणि त्यांनी कधी विचारलंही नव्हतं. त्यात एक सोय होती, असं त्या मला म्हणाल्या.

त्यांनी डोरथीला सगळं सांगितलं आणि वर्ग सोडायची तयारी दाखवली. डोरथी म्हणाल्या, ते त्यांना विचारा, मला नको. म्हणून मंगळवारी मालिनीताईंनी वर्गाला विचारलं. सीमाला तोवर सुशांतकडून सारं कळलेलं होतं. ती रडली, आणि रडत रडत तिने कबूल केलं की गोष्ट तिच्या तोंडून गेली. कोणी तिला बोल लावला नाही. एलेना उठून म्हणाली की दिवसभरात तिच्याशी जे कोणी बोलतं ते टॉवेल इथे ठेव एवढंच. मग काय झालं, असं तिला फक्त या खोलीत विचारतात. ते बंद करू नका. व्हितोल्दचं म्हणणं साधं होतं: माझी हातोडी नेताना मला विचारता ना, तसं गोष्ट नेताना विचारा. मालिनीताईंनी गृहपाठ बदलला. बाहेर सांगायची ती स्वतःचीच गोष्ट. दुसऱ्याची सांगायची तर त्याला विचारून. आणि वर्गात सांगायची गोष्ट खरी असलीच पाहिजे असं नाही, हेही त्या दिवशी ठरलं. ज्याला खरं सांगायचं नाही त्याने बनवून सांगावं, क्रियापदं तीच लागतात.

काकूंची खुर्ची रिकामीच राहिली. मालिनीताईंनी त्यांना फोन करायचं दोनदा मनात आणलं आणि केला नाही. घरात त्यामुळे आणखी काही व्हायला नको, असं त्यांना वाटत होतं.

घरात काय चाललं होतं ते हिमानीने मला नंतर सांगितलं. अतुल आईशी गोड बोलत होता, ऑफिसातून रोज दुपारी फोन करत होता, आणि काकू त्याला हो-नाही एवढंच म्हणत होत्या. त्याने त्यांना गॅस वापरू नकोस असं सांगितलं, मायक्रोवेव्हमध्ये ठेवलेलं खा म्हणाला. काकू दुसऱ्या दिवशीपासून दुपारी जेवेनाशा झाल्या.

मेच्या सुरुवातीची एक संध्याकाळ. चौघं जेवायला बसली होती. केयाने शाळेत फायर ड्रिल झाल्याचं सांगितलं, घंटा वाजली आणि सगळी मुलं रांगेने बाहेर गेली, वगैरे. काकू ऐकत होत्या. मग त्यांनी ताटावरून हात उचलला आणि केयाकडे बघून म्हणाल्या, "वन डे आय मेड पोहे."

केया थांबली. आजी इंग्रजीत गोष्ट सांगते आहे हे तिला नवीन होतं. काकूंनी पहिल्यापासून सांगायला घेतलं. केया मध्ये मध्ये विचारत होती, देन व्हॉट हॅपन्ड, आजी? बर्फाशी आल्यावर काकू अडल्या, "आय स्टँड," म्हणाल्या, मग स्वतःच थांबून, "नो, स्टूड." केयाने मान हलवली. तिने आजीला विचारलं की तिला थंडी वाजली का, भीती वाटली का, पोस्टमनचं नाव काय. पोस्टमनचं नाव काकूंना माहीत नव्हतं. शेवटी त्या म्हणाल्या, "आय डिड नॉट टेल माय सन." केयाने वडिलांकडे पाहिलं.

हिमानी मला म्हणाली की अतुलने पाडव्याला ऐकलं होतं ते वेगळं होतं. त्यात काकू घाबरल्या होत्या हे आलंच नव्हतं.

"आई, मला का नाही सांगितलंस?" त्याने मराठीत विचारलं.

"मराठीत सांगायला गेले असते तर रडले असते," काकू म्हणाल्या. "मग तू मला घरात एकटं ठेवलं नसतंस, नाहीतर परत सांगलीला धाडलं असतंस. इंग्रजीत मला अजून रडता येत नाही. शब्द शोधण्यातच सगळा जीव जातो."

 जेवण झाल्यावर अतुल स्टुल घेऊन स्वयंपाकघरात गेला आणि अलार्म कसा बंद करायचा ते त्याने आईला दाखवलं. त्यांचा हात पोचेना, म्हणून झाडूच्या दांड्याने बटण कसं दाबायचं ते केयाने शोधून काढलं. त्या शनिवारी त्याने गॅरेजच्या दाराला आकडे दाबून उघडणारं कुलूप बसवून घेतलं. पुढच्या मंगळवारी काकूंना वर्गाला सोडायला तोच आला. आत आला नाही, गाडीतूनच त्याने मालिनीताईंना हात केला. सीमाने काकूंच्या पायाला हात लावला तेव्हा काकू म्हणाल्या, अगं, तू म्हणालीस म्हणून तर बाहेर आलं, माझ्याने कधी झालं असतं कोण जाणे.

शेजारच्या बाईंचं नाव लोइस. काकूंनी त्यांना म्हणायची चार वाक्यं वर्गात बसवून घेतली आणि रव्याच्या लाडवांचा डबा घेऊन गेल्या. बेल वाजवल्यावर चारही विसरल्या. लोइसने त्यांना आत घेतलं. हळूहळू दर शुक्रवारी दुपारी त्या तिकडे जायला लागल्या. लोइस त्यांना नवऱ्याच्या, मुलींच्या, गुडघ्याच्या ऑपरेशनच्या गोष्टी सांगायच्या आणि काकू मंगळवारी त्या वर्गात आणायच्या, लोइसना विचारून.

पुढची तीन वर्षं अशीच गेली. देवस्थळे मंडळींचं ग्रीन कार्ड २००६मध्ये झालं आणि मालिनीताईंना नोकरीची मोकळीक मिळाली. जवळच्या एका कॉलेजात मोठ्या माणसांच्या इंग्रजीच्या शिक्षकांची जागा होती. पहिल्या मुलाखतीत त्यांना विचारलं की तुमची पद्धत कोणती. त्यांनी सांगितलं की लोक काल काय झालं ते सांगतात आणि मी लिहून घेते. जागा दुसऱ्याला मिळाली. मग त्यांनी संध्याकाळचा एक वर्षाचा कोर्स केला, पन्नाशीला टेकलेल्या असताना, पंचविशीच्या मुलांच्या शेजारी बसून. तिथे त्यांना कळलं की त्या करत होत्या त्याला एक लांबलचक नाव आहे. दुसऱ्या मुलाखतीत त्यांनी ते नाव सांगितलं आणि २००७च्या शरदात त्या नोकरीला लागल्या.

२००८च्या अखेरीला गुरुनाथचं प्रोजेक्ट बंद पडलं. पाच-सहा महिने ते घरी होते आणि घर मालिनीताईंच्या पगारावर चाललं. गुरुनाथ भाजी करायला शिकले. मालिनीताई संध्याकाळी येऊन ती खात आणि काही न बोलता मीठ घालून घेत. घरबांधणी थंडावली तसं व्हितोल्दचं कामही थांबलं. तो बायकोमुलांसह पोलंडला परत गेला. निघण्याआधी त्याने देवस्थळ्यांच्या बाल्कनीचं गळणारं छप्पर नीट करून दिलं. एलेना बहिणीकडे टेक्सासला गेली.

चर्चमधला मंगळवार-गुरुवारचा वर्ग मालिनीताईंना नोकरीमुळे जमेना. डोरथीही आता थकल्या होत्या. मालिनीताईंनी सीमाला विचारलं. सीमा म्हणाली, मला जमणार नाही, माझे उच्चार चांगले नाहीत, आणि पुढच्या मंगळवारी गेली. मालिनीताई त्या दिवशी रजा काढून मागच्या रांगेत काकूंच्या शेजारी बसल्या होत्या. खोलीत सगळी नवीन माणसं होती. सीमाने सुरुवातीला स्वतःचीच गोष्ट सांगितली. दोन वर्षांपूर्वी तिला नववा महिना असताना किराणा दुकानात कळा सुरू झाल्या. ती काउंटरवरच्या मुलाला घाईने म्हणाली, "माय डिलिव्हरी इज नाऊ." त्याने तिच्याकडे न बघता सांगितलं की डिलिव्हरी मागच्या दाराला. सीमा तशीच, हातात कोथिंबिरीची जुडी घेऊन, मागच्या दारापर्यंत चालत गेली. तिथे बटाट्यांचा ट्रक उतरवणाऱ्या माणसाने तिला खुर्ची दिली आणि ॲम्ब्युलन्स बोलावली.

मुलगी झाली, असं सांगून सीमाने खडू उचलला आणि विचारलं, यातली क्रियापदं कोण सांगेल.